हॉलिस्टर राहिलाच पाहिजे

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला तोंडघशी पाडायला नको: कोच हॉलिस्टरला नारळ द्यावा असं माझं मत होतं. आजही तेच आहे. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. आता मैदानाच्या मध्यावर चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, जेमतेम एक यार्ड हवा, आपले गडी ताजेतवाने, आणि हा माणूस काय करतो? चेंडू लाथेनं उडवून समोरच्यांच्या हवाली करतो. एखाद्या सामन्यात नाही, दर शनिवारी. एका यार्डाला जो घाबरतो त्यानं पोरांना पोहायला शिकवावं, फुटबॉल शिकवू नये. हे मी तो आला त्या वर्षापासून म्हणत आलोय.

मी डेलमार. लिंडेल गावात गवत कापायच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं माझं दुकान आहे. गाव कॅन्ससमध्ये, कॉलेज आमचं सॉलोमन व्हॅली स्टेट, आणि संघ क्रेन्स. गेली तेवीस वर्षं सीझनमधल्या दर सोमवारी संध्याकाळी सहा वाजता मी ड्युएनच्या रेडिओ कार्यक्रमाला फोन करतो. शनिवारी जे झालं त्याचा तिथे सोमवारी निकाल लागतो. माझ्या डोळ्यांदेखत तीन कोच गेले, आणि तिघांच्याही वेळी पहिला दगड मीच मारला होता. स्टेडियममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा व्हर्लिन, म्हणजे निवृत्त पोस्टमन आणि माझा सगळ्यात जुना दोस्त, मला जल्लाद म्हणतो. मला त्याचा कधी राग आला नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता.

आता असा मी, आणि याच वर्षी हॉलिस्टर राहावा म्हणून घसा कोरडा करत होतो. याला कारण माझी मुलगी.

ब्रेन्नानं लग्न केलं ते एका कोचशी. गॅरिक. साडेसहा फूट उंच, खांदे दारात अडकतील असे, आणि आवाज मात्र मऊ. तो लाइनचा कोच. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला कुणी आडवं करू नये म्हणून त्याच्या पुढे जे पाच धिप्पाड गडी उभे असतात, त्यांना शिकवणारा. लग्नात व्हर्लिन मला म्हणाला होता, "डेलमार, लेका, मुलगी कोचला देतोयस. आता सोमवारी तोंड सांभाळून बोल." मी हसण्यावारी नेलं. मला वाटलं, कोचची बायको म्हणजे काय, नवऱ्याचे शनिवार कामात जाणार, एवढंच.

एवढंच नसतं. मुख्य कोच गेला की त्याच्या हाताखालचे सगळे जातात. नवा येतो तो आपली माणसं घेऊन येतो. जुन्यांनी सामान बांधायचं आणि ज्या गावात जागा मिळेल तिथे जायचं. नऊ वर्षांत पाच गावं झाली ब्रेन्नाची. ती नर्स आहे, दर राज्यात नवा परवाना काढायचा, नव्या हॉस्पिटलात सगळ्यात खालून सुरुवात करायची. लिबी जन्मली एका राज्यात, चालायला लागली दुसऱ्यात. माझ्या दुकानाच्या भिंतीवर पाच कॉलेजांच्या टोप्या आहेत. ज्या गावांची नावं मी आधी ऐकली नव्हती, त्यांच्या संघांसाठी मी शनिवारी संगणकासमोर बसून ओरडलो. चित्र मधेच थांबायचं, परत सुरू व्हायचं, आणि मी मैदानाच्या कडेला उभा असलेला जावई शोधायचो. कधी कधी कॅमेरा प्रेक्षकांवर फिरायचा. तेव्हा मी खुर्चीतून पुढे वाकायचो, एखाद्या क्षणी तरी ती दिसेल म्हणून. नऊ वर्षांत दोनदा दिसली.

नदीन, माझी बायको, ऑक्टोबरमध्ये गेली. तेव्हा ही मंडळी आयडाहोत होती. चार वर्षांच्या लिबीला घेऊन ब्रेन्नानं दोन विमानं बदलली आणि इथे पोहोचली तेव्हा सकाळीच सगळं संपलेलं. गॅरिकला येता आलं नाही. शनिवार होता. त्याबद्दल मी कुणाला बोल लावला नाही. शनिवार म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

आणि मग, त्यानंतर दीड वर्षानं, वसंतात तिचा फोन आला. "बाबा, खाली बस आधी. गॅरिकला सॉलोमन व्हॅलीत घेतलंय." मी दुकानात होतो. मी बसलो नाही. उघडलेलं यंत्र तसंच टाकून बाहेर रस्त्यावर गेलो आणि समोरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला सांगितलं. तो माणूस कोण होता मला आजही माहीत नाही.

तेव्हापासून बुधवार माझा झाला. बुधवारी गॅरिक उशिरापर्यंत कॉलेजात सामन्यांची फिल्म पाहत बसतो, म्हणून ब्रेन्ना आणि लिबी माझ्याकडे जेवायला. मी चिली करायचो, म्हणजे राजमा-खिम्याचं दाट कालवण, आणि सोबत आमच्याकडे लागतातच ते दालचिनीचे रोल. लिबी रोलचा आतला मऊ भाग खायची आणि बाहेरचा मला द्यायची. तिची आईही लहानपणी असंच करायची. कधी ब्रेन्ना कामावरून थकून यायची आणि जेवण झाल्यावर माझ्या सोफ्यावरच डुलकी काढायची. मी टीव्हीचा आवाज बंद करून बसायचो. टीव्ही बघत नव्हतोच.

पहिल्या वर्षी आम्ही चार सामने जिंकलो आणि सात हरलो. मी रेडिओवर पावसापाण्याचं बोललो. ड्युएन म्हणाला, "डेलमार, आवाज बसलाय का?" दुसऱ्या वर्षी, म्हणजे या वर्षी, सात सामने झाले आणि त्यांतले पाच हरलो. बुधवारी ब्रेन्ना आली ती पेपर घेऊनच.

"वाचलंस का बाबा?"

"पेपरात काय असतं? दोन पानं जाहिराती आणि एक पान मेलेली माणसं."

"कॉलेजचे खेळ संचालक म्हणतात, सीझन संपला की हॉलिस्टरच्या कामाचा आढावा घेऊ."

मी चिली ढवळत राहिलो. लिबी टेबलाशी चित्र काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहितीये आढावा म्हणजे काय. खोकी भरायची."

सात वर्षांची पोर. ब्रेन्नानं लिबीच्या केसांतून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या घरात तिनं या उन्हाळ्यात पहिल्यांदा भिंतींना खिळे ठोकून फोटो लावले होते. मी तिला काय म्हणणार होतो? "तू काळजी करू नकोस," एवढं म्हणालो, आणि ताटं मांडली.

त्या शनिवारी आमचा सामना नव्हता. पुढच्या सोमवारी सहा वाजता मी फोन लावला, जसा काही पहिल्यांदाच लावत होतो.

"मंडळी, सरसावून बसा," ड्युएन म्हणाला. "डेलमार आलाय! बोल राजा, दोर तयार आहे का?"

"हॉलिस्टर राहिला पाहिजे," मी म्हणालो.

ड्युएन म्हणाला, "डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या का रे तुझ्या?"

"थट्टा पुरे. माणसाला वेळ द्यावा लागतो. दोन वर्षांत काही होत नाही."

"तीन झाली. आणि मागच्या कोचला तू अठराच महिने दिले होतेस, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. डेलमार, सातांत पाच हरलो आपण. कुणाचा तरी दोष असेल ना? की देवाचा?"

इथे मी अडकलो. आमच्याकडचा नियम असा की हरलं की कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटलंच पाहिजे, नाहीतर लोक घरी जात नाहीत. खेळणाऱ्या पोरांना नावं ठेवायची नाहीत, ती विद्यार्थी असतात, हे सभ्य माणसं पाळतात. हॉलिस्टरला मला वाचवायचं होतं. लाइनचं नाव तर ओठांवर आणणं शक्य नव्हतं. मग उरलं कोण? वर काचेच्या खोलीत बसून कानातल्या यंत्रातून प्रत्येक चाल सांगणारा माणूस. बेकविथ.

"चाली कोण सांगतं?" मी म्हणालो. "हॉलिस्टर सांगतो का? बेकविथ सांगतो. आणि काय सांगतो? पहिल्यांदा मधून घुसा. दुसऱ्यांदा मधून घुसा. तिसऱ्यांदा? मधून! माझी नात सात वर्षांची आहे, तीसुद्धा पुढची चाल सांगते. समोरचे अकरा जण काय आंधळे आहेत? बेकविथला घरी पाठवा आणि हॉलिस्टरला दुसरा माणूस द्या, मग बघा."

"आणि हे तू जावई स्टाफवर आहे म्हणून म्हणत नाहीयेस?"

"जावई माझा भिंत उभी करतो, चाली सांगत नाही. त्याचा काय संबंध?"

हे मी पंधरा हजार लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो. त्याचा काय संबंध.

लोकांना ते एकदम पटलं. तेवीस वर्षांत माझं कुठलं म्हणणं इतकं पटलं नव्हतं. कारण मुख्य कोच काढायचा म्हणजे मोठं ऑपरेशन, आणि मी त्यांना नुसतं बँडेज दाखवलं होतं. माझ्यानंतरच्या माणसानं तेच म्हटलं, त्याच्या पुढच्या बाईनंही. न्हाव्याकडे तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. व्हर्लिननं घरची चादर फाडली आणि तिच्यावर निळ्या रंगात लिहिलं, "मधून मधून मधून, बेकविथ घरी जा."

"चादर बायकोला विचारून घेतलीस का?" मी विचारलं.

"ती माझ्याआधी रंग घेऊन आली," व्हर्लिन म्हणाला. मग हळूच म्हणाला, "डेलमार, मला तरी खरं सांग. हे पोरीसाठी चाललंय ना?"

"तू तुझी चादर धर."

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी अख्खा पूर्व स्टँड ओरडत होता, बेकविथ घरी जा, आणि तालावर पाय आपटत होता. कोचांच्या घरच्या मंडळींची रांग आमच्या समोरच्या बाजूला असते. दुर्बिणीतून मला ब्रेन्ना दिसली. तिच्या शेजारी बेकविथची बायको होती, मांडीवर हात ठेवून सरळ बसलेली. ब्रेन्नानं तिच्या खांद्यावर हात टाकलेला होता. मला वाटलं, माझी पोर मनानं चांगली आहे. याच्यापुढे माझं डोकं चाललं नाही. मी स्वतः ओरडत होतो.

त्या महिन्यात आम्ही दोन सामने जिंकलो, एक हरलो. संचालकांनी पेपरात सांगितलं की फोर्ट बेनेटविरुद्धचा शेवटचा सामना बघून काय ते ठरवू. फोर्ट बेनेटला हरवलं तर बाकी सगळं माफ, हे आमच्याकडे रांगत्या मुलालाही ठाऊक असतं. नऊ वर्षं आम्ही त्यांना हरवलं नव्हतं.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार होता. सकाळपासून बारीक बर्फ पडत होतं आणि वारा असा की तोंड उघडलं की दात दुखावेत. चाळीस सेकंद उरले होते आणि आम्ही चार गुणांनी मागे. गोलरेषा एका यार्डावर. चौथा प्रयत्न. लाथ मारून तीनच गुण मिळतात, त्यामुळे हॉलिस्टरला पळून जायला वाट नव्हती. तेव्हा कुठे त्याची छाती झाली.

"मधून नको," मी ओरडत होतो. "देवाशपथ, आता तरी मधून नको!" व्हर्लिन माझा कोट धरून तेच ओरडत होता. सगळा स्टँड ओरडत होता.

ते मधूनच गेले. गॅरिकचे पाच गडी खाली वाकले आणि त्यांनी फोर्ट बेनेटची अख्खी रांग तीन यार्ड मागे ढकलली. आमचा गडी त्यांच्या पाठीमागून चालत गेला म्हणा ना, धावायचीही गरज पडली नाही. मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि मी व्हर्लिनच्या गळ्यात पडून रडलो. त्याला वाटलं जिंकलो म्हणून. मी समोरच्या रांगेत तिला शोधत होतो, पण सगळेच उभे राहून उड्या मारत होते, कोण कुठलं काही कळत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, राहिली. माझी पोर राहिली.

रविवारी दुपारी रेडिओवर बातमी आली. हॉलिस्टर राहणार, दोन वर्षं वाढवून. संघाचा खेळ सुधारण्यासाठी बेकविथला मुक्त करण्यात येत आहे. व्हर्लिननं फोन करून मला विचारलं, "आता जल्लाद म्हणू की तारणहार?" मी म्हटलं काहीही म्हण. मी मोठं पातेलं भरून चिली केली, रोल गुंडाळले आणि गाडीत ठेवून ब्रेन्नाकडे निघालो. वाटेत शिट्टी वाजवत होतो, हे मला अगदी स्पष्ट आठवतं, कारण त्यानंतर मी वाजवलेली नाही.

दार लिबीनं उघडलं. आतमध्ये गॅरिक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता, रविवारी दुपारी, जेव्हा त्यानं कॉलेजात असायला हवं. ब्रेन्ना भिंतीला टेकून उभी होती. मी पातेलं खाली ठेवलं.

"अरे, तोंडं का अशी? राहिला ना हॉलिस्टर?"

"राहिला," गॅरिक म्हणाला. "बसा डेलमार."

"मी बसत नाही. काय झालं?"

"बेकविथच्या जागी नवा माणूस येतोय. त्याच्या चाली वेगळ्या. त्या चालींना लाइन वेगळी शिकवावी लागते, म्हणून तो आपला लाइनचा माणूस घेऊन येतो. ही जोडीच असते." तो अगदी हळू बोलत होता, पेशंटला सांगावं तसं. "मला सकाळी साडेनऊला बोलावलं होतं. हॉलिस्टर चांगलं बोलला. माझी चूक नाही म्हणाला."

मला हे माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. दर डिसेंबरला पेपरात येतं, अमुक आला आणि सोबत तमुकला घेऊन आला. मी ते रेडिओवर वाचूनही दाखवलंय. पण मला एकच भीती होती, मुख्य कोच जाईल ही. त्या भीतीकडे बघत बघत मी दुसऱ्या दारानं चोर आत घेतला.

"पण तुला तर हॉलिस्टरनं घेतलं ना?" मी म्हणालो. "तू बेकविथचा माणूस कसा?"

गॅरिकनं ब्रेन्नाकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग आता. लपवून काय करायचंय."

"हॉलिस्टरच्या मनात दुसराच माणूस होता," गॅरिक म्हणाला. "बेकविथ आणि मी आधी एका ठिकाणी दोन वर्षं काम केलेलं. ब्रेन्नाची आई गेल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. त्यानं मला आयडाहोत फोन केला. म्हणाला, तुझे सासरे तिथे एकटे आहेत ना? मी हॉलिस्टरच्या मागे लागतो. तीन आठवडे मागे लागला तो."

मी तेव्हा बसलो. चिली कुणी खाल्ली नाही. लिबीनं एक रोल घेतला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन खाल्ला.

मंगळवारी मी बेकविथच्या घरी गेलो. बुटका माणूस, चष्मेवाला. स्टेडियमवर त्याला मी कधी जवळून पाहिलंच नव्हतं, तो वर काचेमागे असायचा. गॅरेजमध्ये तो सामान बांधत होता. मी म्हणालो, "मी डेलमार."

"आवाजावरूनच ओळखलं," तो म्हणाला. "सोमवारी गाडीत ऐकत असतो मी. बायको म्हणते बंद कर, पण काय सांगू, तुमची मतं निम्मी तरी बरोबर असतात. तिसऱ्या प्रयत्नाला मी खरंच मधून जास्त गेलो."

मी माफी मागितली. माझ्या आयुष्यात मी ती फार थोड्या वेळा मागितली आहे, त्यामुळे नीट जमली नाही. तो हातातली टेप गुंडाळत ऐकत होता. मग म्हणाला, "ओरेगनमध्ये एका छोट्या कॉलेजात मला घेताहेत. गॅरिकला मी सोबत नेतोय. दुसरीकडे त्याला इतक्या लवकर जागा मिळाली नसती, म्हणजे त्या बाजूनं तुम्ही निश्चिंत राहा."

"तुमच्यासाठी मी काही करू शकतो का?"

"एक करा. तिकडच्या रेडिओला फोन करू नका."

तो हसला. मीही हसायचा प्रयत्न केला. ओरेगन माझ्या दारापासून पंधराशे मैलांवर आहे, मी घरी जाऊन नकाशावर मोजलं.

कोच पुढे जातात आणि बायका मागून घर आवरून जातात, हे नेहमीचंच. गॅरिक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. ब्रेन्नानं हॉस्पिटलची नोकरी सोडली, शाळेतून लिबीचे कागद काढले, भिंतीतले खिळे उपटले आणि भोकं स्वतःच भरली. मी दुकान बंद ठेवून खोकी भरायला जायचो. आम्ही कामाचं बोलायचो. हे कुठे ठेवू, ते फेकायचं का. बेकविथचं नाव दोघांनीही काढलं नाही. तिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि मला वाटत होतं लावावा. एकदा तरी खडसावून विचारावं, बाबा, कुणी सांगितलं होतं तुला बोलायला?

जानेवारीच्या चार तारखेला सकाळी नऊ वाजता त्या निघाल्या. ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. लिबी मागच्या सीटवर पट्टा लावून बसली होती, मांडीवर रंगीत पेन्सिली. ब्रेन्नानं गाडी गरम व्हायला सुरू ठेवली आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. नाक लाल झालेलं. तिच्या आईचंही थंडीत असंच व्हायचं.

मला राहवलं नाही. "तुला तेव्हाच कळलं होतं ना?" मी विचारलं. "मी बेकविथचं नाव घेतलं, त्या पहिल्याच सोमवारी?"

"हो."

"मग तू मला थांबवलं का नाहीस? बुधवारी समोर बसून जेवत होतीस. एक शब्द बोलली असतीस तर मी तोंड शिवून टाकलं असतं."

ती रस्त्याकडे बघत होती. "बोलणार होते," ती म्हणाली. "दर बुधवारी ठरवून यायचे. पण बाबा, जिथे जिथे गेलो ना, तिथे रेडिओवर लोक आम्हाला घालवायलाच बसलेले असायचे. प्रत्येक गावात. मी हॉस्पिटलमधून घरी जाताना गाडीत ऐकायचे. आणि इथे पहिल्यांदा कुणीतरी आम्ही राहावं म्हणून भांडत होतं. चुकीचं भांडत होतं, मला कळत होतं. पण मला ते ऐकायचं होतं. सोमवारी सहा वाजता मी गाडी पार्किंगमध्येच थांबवून ठेवायचे, तुझा फोन संपेपर्यंत."

मी गाडीच्या काचेवरचं बर्फ बोटांनी खरवडत राहिलो.

"तू कधी म्हणाला नाहीस ना मला," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून एकदाही नाही. आई गेली तेव्हाही नाही. जा म्हणालास, गॅरिकचा शनिवार आहे म्हणालास. मग रेडिओवर का होईना."

ते खरं होतं. मी सगळ्या जिल्ह्याला ओरडून सांगितलं, हॉलिस्टर राहिला पाहिजे, हॉलिस्टर राहिलाच पाहिजे, ज्या माणसाचं मला काडीचंही कौतुक नव्हतं. आणि जिच्यासाठी सांगितलं तिला तोंडानं कधी सांगितलं नव्हतं. तिनं मला मिठी मारली, गाडीत बसली, पट्टा लावला. मी खिडकीवर टकटक केली. तिनं काच खाली केली.

"राहा," मी म्हणालो.

पंधराशे मैलांवर तिचा नवरा वाट बघत होता, घर रिकामं होतं, किल्ल्या देऊन झाल्या होत्या. तिला राहता येणार नव्हतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी मी परत म्हणालो, "राहा, ब्रेन्ना." तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि बराच वेळ गाडी जागची हलली नाही.